रिझर्व्ह, सिनिऑरिटी आणि बेस बिड: अमेरिकेतल्या रीजनल विमानकंपन्यांच्या व्यवस्थेचं परीक्षण

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या ज्यांनी घरात पाहिल्या आहेत, त्यांना अमेरिकेतल्या रीजनल वैमानिकांची बिडिंग व्यवस्था समजायला वेळ लागणार नाही. सेवाज्येष्ठतेची यादी, पसंतीक्रम, वरच्या नंबरवाल्याचा पहिला हक्क, जागा कमी झाल्या की खालच्याने विस्थापित होणं, सगळं ओळखीचं आहे. फरक असा, की शिक्षकाची बदली काही वर्षांनी येते आणि वैमानिकाला हा फॉर्म दर महिन्याला भरावा लागतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तुम्ही घरी असाल की डेट्रॉइटच्या हॉटेलात, हे त्या फॉर्मवर ठरतं.

हे परीक्षण स्कायवेस्ट, रिपब्लिक, एन्डेव्हर, एन्व्हॉय, पीएसए, पीडमाँट अशा कंपन्यांमधल्या व्यवस्थेचं आहे. डेल्टा, युनायटेड, अमेरिकन यांच्या रंगातली ५० ते ७६ आसनांची विमानं या कंपन्या उडवतात. उड्डाणाचे १,५०० तास पूर्ण झालेल्या नव्या वैमानिकाची पहिली मोठी नोकरी बहुतेक वेळा इथेच होते. प्रत्येक कंपनीचा वैमानिकांशी असलेला करार वेगळा असतो, त्यामुळे करारातले आकडे स्वतःच्या कंपनीत तपासा. कायद्यातले आकडे मात्र सगळ्यांना सारखे आहेत.

पाचपैकी गुण आधीच देतो. सिनिऑरिटीच्या, म्हणजे सेवाज्येष्ठतेच्या, यादीला तीन; बेस बिडला, म्हणजे कोणत्या विमानतळावरून काम करायचं त्या मागणीला, साडेतीन; पीबीएसला, म्हणजे दर महिन्याच्या वेळापत्रकाच्या संगणकी वाटपाला, चार. रिझर्व्हला, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय बोलावण्याची वाट बघण्याला, दोन वेगळे गुण द्यावे लागतात: बेसच्या गावात राहणाऱ्यासाठी साडेतीन, दुसऱ्या राज्यातून विमानाने ये-जा करणाऱ्यासाठी एक. हा शेवटचा फरक इतका मोठा आहे, की नोकरी निवडताना पगार, विमान, गणवेश यांच्याआधी त्याचाच विचार करावा.

सिनिऑरिटीची यादी

ट्रेनिंग क्लासचा पहिला दिवस हीच तुमची सेवाज्येष्ठतेची तारीख. एकाच क्लासमधल्या लोकांचा क्रम बऱ्याच ठिकाणी वयावरून लागतो, मोठा तो वर. काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे धरतात, काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात. भरती जोरात असताना आठवड्या-दोन आठवड्यांनी नवा क्लास बसतो, त्यामुळे 'घर आवरून महिन्याने येतो' म्हणणारा माणूस शंभरेक नंबर सहज मागे पडतो. दोन तारखा समोर आल्या तर लवकरची घ्यावी.

यादीचा मोठा गुण म्हणजे तिच्यापुढे वशिला चालत नाही. चीफ पायलटच्या मर्जीतला आणि नावडता, दोघांना नंबराप्रमाणेच मिळतं. विमान उत्तम उडवणाऱ्यालाही त्याबद्दल चांगली लाइन, म्हणजे महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक, मिळत नाही, ही त्याचीच दुसरी बाजू. पण ज्या नोकरीत 'हे विमान आज उडवणार नाही' असं बेधडक म्हणता आलं पाहिजे, तिथे वरिष्ठांच्या मर्जीवर सुट्ट्या अवलंबून नसणं हे सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोलाचं आहे.

दोन गुण कापले ते एकाच कारणाने: हा नंबर कंपनीबाहेर नेता येत नाही. २०२० साली ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्सप्रेसजेट या तीन रीजनल कंपन्यांची उड्डाणं थांबली. तिथले वीस-वीस वर्षांचे कॅप्टन दुसरीकडे गेले ते यादीच्या तळाशी, पहिल्या वर्षाच्या पगारावर. दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं तर २००७ च्या मॅकॅस्किल-बाँड कायद्यानुसार दोन्ही याद्या न्याय्य रीतीने एकत्र कराव्या लागतात, पण बंद पडलेल्या कंपनीच्या वैमानिकाला त्या कायद्याचा काही उपयोग नाही. म्हणून कंपनी निवडताना ती कोणत्या मोठ्या कंपनीसाठी उडते, किती जणींसाठी उडते आणि ते करार केव्हा संपतात, हे विचारा. एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमाँट या अमेरिकनच्याच मालकीच्या आहेत, एन्डेव्हर डेल्टाच्या मालकीची. स्कायवेस्ट स्वतंत्र आहे आणि एकाहून जास्त मोठ्या कंपन्यांसाठी उडते.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे पूर्ण कंपनीतला नंबर बघणं. 'दोन हजारांत माझा सोळाशेवा' या वाक्यातून काहीच कळत नाही. बघायचा तो आपल्या बेसमधला, आपल्या विमानावरचा, आपल्या सीटवरचा (कॅप्टन की फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक) क्रम. समजा एका बेसला २०० फर्स्ट ऑफिसर आहेत आणि महिन्याला १५० लाइन निघतात. तिथे १६० वा माणूस रिझर्व्हवर जाईल. तोच माणूस दुसऱ्या बेसला ८० जणांत ५० वा असेल आणि तिथे ६० लाइन असतील, तर त्याला ठरलेलं वेळापत्रक मिळेल. कंपनी तीच, नंबर तोच.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. विमानतळाजवळ राहणारे काही ज्येष्ठ वैमानिक मुद्दाम रिझर्व्ह मागतात, कारण घरी बसून किमान पगार मिळतो आणि बोलावणं कमी येतं. जितके ज्येष्ठ असे रिझर्व्हमध्ये जातात, तितकी लाइनची कट-ऑफ खाली सरकते. त्यामुळे केवळ टक्केवारी न बघता मागच्या तीन-चार महिन्यांचे निकाल काढा आणि शेवटची लाइन कोणत्या नंबराला मिळाली ते लिहून ठेवा. अकरावीच्या प्रवेशाला मागच्या वर्षीची कट-ऑफ बघतात, तसंच.

बेस बिड

बेस म्हणजे तुमची ड्यूटी जिथे सुरू होते आणि जिथे संपते ते विमानतळ. कंपनी तुम्हाला तिथे राहायला लावत नाही, पण वेळेवर तिथे पोचणं तुमचं काम, तुमच्या खर्चाने.

बहुतेक कंपन्यांत कायमस्वरूपी पसंतीक्रम भरून ठेवायचा असतो: बेस, विमान आणि सीट यांच्या जोड्या, उतरत्या क्रमाने. कंपनी जागा जाहीर करते, ठरलेल्या दिवशी संगणक वरच्या नंबरापासून वाटप सुरू करतो. एक जण हलला की त्याची जागा मोकळी होते आणि त्याच फेरीत पुढच्याला मिळू शकते. जाहीर झालेल्या जागांत तुमच्या आवडीचं शहर नाही म्हणून बिड रिकामं ठेवू नका, या मागून मोकळ्या होणाऱ्या जागा त्यामुळेच हातच्या जातात.

उलट धोकाही आहे. दोन वर्षांपूर्वी सहज भरलेली पसंती तशीच राहते आणि एका सकाळी मायामीच्या बेसचं पत्र हातात पडतं. मिळालेली जागा नाकारता येत नाही. विमान बदलून जागा घेतली तर त्यासोबत सीट लॉकही येतो, म्हणजे ठरावीक महिने दुसरीकडे बिड करता येत नाही. प्रत्येक फेरी बंद होण्याच्या आदल्या दिवशी यादी उघडून ओळ न् ओळ वाचावी. यादीत अशी एकही ओळ नको, जी उद्या मिळाली तर पंचाईत होईल.

बेस आकसला किंवा बंद झाला तर तळाचे वैमानिक विस्थापित होतात. विस्थापिताला स्वतःपेक्षा कनिष्ठ कोणालाही दुसऱ्या बेसमध्ये हलवून त्याची जागा घेता येते, तो कनिष्ठ पुढच्याला हलवतो. एका शहरातली कपात अशी तीन शहरांत पोचते. अर्धा गुण यासाठी, आणि एक पूर्ण गुण अंमलाच्या तारखेसाठी कापला. जागा मिळाली असं जाहीर होतं, पण प्रत्यक्ष बदली होईपर्यंत महिने जाऊ शकतात. तोवर जुन्या बेसमधून काम सुरू ठेवावं लागतं. निकाल लागला म्हणून लगेच घराचा करार मोडू नये.

कॅप्टनच्या बिडला वेगळा विचार लागतो. कॅप्टन होण्यासाठी एअरलाइनमध्ये सेकंड-इन-कमांड (सहवैमानिक) म्हणून साधारण १,००० तास लागतात. ते भरले की काही कंपन्यांत दोन-तीन वर्षांतच कॅप्टनची जागा मिळते. पण ती मिळते सर्वांत कनिष्ठ बेसला, यादीच्या तळाशी आणि रिझर्व्हवर. चांगली लाइन असलेला ज्येष्ठ फर्स्ट ऑफिसर त्या दिवसापासून पुन्हा फोनची वाट बघत बसतो. मोठ्या कंपनीत जायचं असेल तर कॅप्टनचे तास कामाला येतात, म्हणून बहुतेक जण हे सोसतात, आणि वय कमी असेल तर ते योग्यच आहे. घरी लहान मूल आणि बेस दोन राज्यं पलीकडे असेल, तर सहा महिने थांबून जवळचा बेस मिळतो का ते पाहावं.

पीबीएस: दर महिन्याचा फॉर्म

जुन्या पद्धतीत कंपनी तयार लाइन छापायची आणि तुम्ही त्यांना क्रम द्यायचा. अजूनही काही ठिकाणी ती आहे. प्रेफरेन्शियल बिडिंग सिस्टीम, म्हणजे पीबीएस, यात तयार लाइन नसतात. असतात फक्त पेअरिंग, म्हणजे एक ते चार दिवसांच्या फेऱ्या. तुम्ही अटी लिहायच्या आणि संगणक ज्येष्ठतेनुसार एकेकाची लाइन बांधत जातो. एअरबसच्या मालकीच्या नॅव्हब्लूचं पीबीएस यातलं ओळखीचं नाव. इतरांची बटणं वेगळी असली तरी डोकं साधारण असंच चालतं.

बिड उघडण्याआधीच तुमच्या महिन्यात काही गोष्टी भरलेल्या असतात: रजा, सिम्युलेटरची तपासणी, मागच्या महिन्यातून पुढे आलेली फेरी. त्या पहिल्यांदा बघा. त्यानंतर क्रेडिट विंडो बघा, म्हणजे लाइन किमान आणि कमाल किती क्रेडिटची, म्हणजे पगारी तासांची, व्हायला हवी ती मर्यादा. बिड कितीही सुंदर लिहिलं तरी लाइन त्या खिडकीत बसेपर्यंत संगणक थांबत नाही.

बिड वरून खाली वाचलं जातं. कनिष्ठ लाइनवाल्याचं साधं, चालणारं बिड असं असतं. पहिली ओळ 'प्रेफर ऑफ', ज्या एका दिवशी घरी असायलाच हवं तो दिवस. दुसरी ओळ 'प्रेफर ऑफ', शनिवार-रविवार. तिसरी 'अव्हॉइड', सकाळी ६ च्या आधी हजर व्हायच्या फेऱ्या. मग 'अवॉर्ड' (म्हणजे 'हे द्या'), २० तासांहून जास्त क्रेडिटच्या चार दिवसांच्या फेऱ्या. मग 'अवॉर्ड', तीन दिवसांच्या. आणि सगळ्यात शेवटी 'अवॉर्ड', कोणतीही फेरी. ही शेवटची ओळ लोक विसरतात. ती नसेल तर वरच्या ओळींत बसणाऱ्या फेऱ्या संपल्यावर उरलेली लाइन संगणक आपल्या मनाने भरतो. शेवटच्या ओळीआधी 'मधला मुक्काम १२ तासांपेक्षा मोठा', 'शेवटच्या दिवशी दुपारी ४ च्या आत मोकळं' अशा आणखी चार ओळी लिहिल्या, तर उरलेल्यातूनही बरं ते आधी उचललं जातं.

सगळ्या अटी पाळून लाइन पूर्ण होत नसेल, तर संगणक तुमच्या अटी सोडायला लागतो, आणि सोडतो त्या खालून वर. याला डिनायल मोड म्हणतात. म्हणून मुलीच्या वाढदिवसाची ओळ सातवी आणि 'पहाटेची ड्यूटी नको' पहिली असेल, तर वाढदिवस आधी जातो. क्रम लावताना प्रत्येक ओळीला विचारा: या दोन्हींतली एकच मिळणार असेल तर कोणती? उत्तर ज्या ओळीचं येईल, ती वर.

'सगळे किंवा एकही नाही' हा पर्यायही कनिष्ठांनी बंद ठेवावा. चारही शनिवार-रविवार एकाच ओळीत असे बांधले आणि एक अडला, तर चारही जातात. वेगळ्या ओळी केल्या तर दोन तरी वाचतात.

आणखी एक गोष्ट लोकांना अन्याय वाटते, पण ती तशी नाही. थँक्सगिव्हिंग किंवा ख्रिसमसच्या आठवड्यात उड्डाणं भरपूर असतात आणि सुट्टी सगळेच मागतात. तळाच्या माणसांवर ठरावीक फेऱ्या टाकल्या नाहीत तर विमानंच उडणार नाहीत, हे संगणक आधी मोजतो आणि कनिष्ठाला न मागितलेली फेरी देतो. आपल्याकडच्या माणसाला याचा एक फायदा घेता येतो. दिवाळी, गणपती, पाडवा या दिवसांवर अमेरिकेत गर्दी नसते. ख्रिसमस सोडून द्या आणि ज्या दिवसाची घरी वाट बघतात तो पहिल्या ओळीत लिहा, अगदी कनिष्ठालाही तो बऱ्याचदा मिळून जातो.

निकालासोबत कारणांचा अहवाल येतो, रीझन्स रिपोर्ट. कोणती ओळ कुठे नाकारली, ती फेरी कोणत्या ज्येष्ठाने उचलली, की कव्हरेजमुळे (सगळ्या फेऱ्यांना माणसं पुरली पाहिजेत म्हणून) अडली, सगळं त्यात असतं. चार गुण मुख्यतः याच्यासाठी दिले. इतकं उघड कारण देणारी बदलीची व्यवस्था दुर्मीळच. पाचवा गुण कापला तो भाषेसाठी: अटींचे शब्द वकिली आहेत. 'लेस दॅन' आणि 'लेस दॅन ऑर इक्वल' यांतल्या गफलतीने महिना वाया जातो, आणि नव्यांना शिकवायला कंपनी जेमतेम तासभर देते. युनियनच्या बिड समितीचे स्वयंसेवक फोनवर बिड तपासून देतात. पहिले तीन महिने त्यांना फोन करावाच.

रिझर्व्ह

लाइन मिळाली नाही की रिझर्व्ह. महिन्याला साधारण ११-१२ दिवस सुट्टी, बाकीचे दिवस उपलब्ध राहायचं. तीन प्रकार आहेत आणि कायद्याने त्यांतला फरक ४ जानेवारी २०१४ पासून पक्का केला आहे. त्या दिवशी अमेरिकन विमान नियमांतला भाग ११७, म्हणजे विश्रांतीचे नवे नियम, लागू झाले. त्यामागे १२ फेब्रुवारी २००९ ची बफेलोजवळची, कोलगन या रीजनल कंपनीच्या फ्लाइट ३४०७ ची दुर्घटना आहे. ५० जण गेले. त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मेंफिसमार्गे नुअर्कला आली होती. बेसपासून दूर राहणं आणि थकवा हा विषय तेव्हापासून कोणी हलक्यात घेत नाही.

लाँग कॉल सर्वांत सुसह्य. सूचना साधारण १२ तास आधी मिळते. पहाटे २ ते ६ या झोपेच्या वेळेत शिरणारी ड्यूटी त्याआधीच सुरू होणार असेल, तर कायद्यानेच १२ तासांची सूचना बंधनकारक आहे.

शॉर्ट कॉलमध्ये उपलब्धतेचा काळ असतो, त्याला रॅप म्हणतात, जास्तीत जास्त १४ तास. त्याआधी सलग १० तास विश्रांती हवीच. बोलावल्यावर किती वेळात हजर व्हायचं ते करारात असतं, बऱ्याच ठिकाणी दोन तास.

इथलं गणित प्रत्येकाला तोंडपाठ हवं. रॅपच्या सुरुवातीपासून ड्यूटी संपेपर्यंतची मर्यादा अशी: ड्यूटी-काळाच्या तक्त्यातले तास (हजर व्हायची वेळ आणि उड्डाणांची संख्या यांवरून ठरणारे) अधिक ४, किंवा १६ तास, यांतलं जे कमी ते. समजा रॅप पहाटे ४ ला सुरू झाला आणि १० वाजता हजर होऊन दोन उड्डाणं करायची आहेत. तक्ता १४ तास देतो, अधिक ४ म्हणजे १८. पण १६ कमी, म्हणून रात्री ८ ला संपलं पाहिजे. तोच माणूस संध्याकाळी ५ ला चार उड्डाणांसाठी बोलावला, तर तक्ता ११ तास देतो, अधिक ४ म्हणजे १५. मर्यादा संध्याकाळी ७ ची. दोन तासांत चार उड्डाणं होत नाहीत, म्हणजे ती ड्यूटी बेकायदा. शेड्युलिंगमधला माणूस एका वेळी कित्येक क्रू हलवत असतो, चूक होते. फोनवर 'हो' म्हणण्याआधी रॅपची सुरुवात अधिक १६ मनात करून बघायची. ही मर्यादा दोन तासांनी वाढवता येते, पण त्याला कॅप्टनची संमती लागते.

एअरपोर्ट रिझर्व्ह, कोणी हॉट म्हणतं, कोणी रेडी, म्हणजे गणवेश घालून विमानतळावर बसणं. यात सगळा वेळ ड्यूटीतच मोजला जातो. पहाटे ५ ला हजर झालात आणि ११ ला दोन उड्डाणं मिळाली तरी घड्याळ ५ पासूनच चालू आहे. तक्त्यातली १२ तासांची मर्यादा संध्याकाळी ५ ला संपते.

कोणाला कोणती फेरी मिळेल याचाही अंदाज बांधता येतो. शेड्युलिंग रिझर्व्हवाल्यांना उरलेल्या दिवसांप्रमाणे गटात टाकतं. ज्याचे चार दिवस शिल्लक आहेत त्याला एका दिवसाच्या फेरीत वाया घालवत नाहीत. म्हणजे रिझर्व्हच्या पहिल्या दिवशी चार दिवसांची बॅग भरलेली हवी, शेवटच्या दिवशी जाऊन-येऊन फेरीची शक्यता जास्त. रिझर्व्हची बिड करताना दिवसांचे गट लांब मागावेत की छोटे, हे यावरूनच ठरवा. बेसमध्ये राहणाऱ्याने दोन-तीन दिवसांचे छोटे गट घ्यावेत, बाहेरून येणाऱ्याने सलग पाच-सहा दिवस, म्हणजे येण्या-जाण्याच्या खेपा कमी होतात.

विश्रांतीच्या १० तासांत कंपनीचा फोन उचलायचं बंधन नाही. रॅपमध्ये मात्र दहा-पंधरा मिनिटांत उलटा फोन केला नाही तर गैरहजेरी लागते. लाँग कॉलवरून शॉर्ट कॉलवर टाकायचं असेल तर मध्ये १० तासांची विश्रांती द्यावी लागते, आणि ती आधी सांगून. 'तू रात्रभर झोपला असशीलच' म्हणून मागून मोजलेली विश्रांती चालत नाही. थकला असाल तर ड्यूटी न घेणं हा कायद्याने दिलेला हक्क आणि जबाबदारीही आहे.

नव्या फर्स्ट ऑफिसरसाठी रिझर्व्हचा खरा त्रास पैशांचा नसून तासांचा आहे. तपासणी पास झाल्यापासून १२० दिवसांत त्या विमानावर १०० तास व्हावे लागतात, नाहीतर मुदतवाढ किंवा पुन्हा प्रशिक्षण. शिवाय दोन्ही वैमानिकांचे त्या विमानावरचे तास ७५ च्या खाली असतील तर त्यांना एकत्र बसवता येत नाही, म्हणून नव्या कॅप्टनच्या फेऱ्या तुम्हाला लागत नाहीत. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंगही हवेत. ९० व्या दिवसाची वाट न बघता साठ दिवस झाले की शेड्युलिंगला आपण होऊन सांगा, ओपन टाइममधून, म्हणजे कोणाकडेच नसलेल्या फेऱ्यांतून, फेरी उचला, कॅप्टनला आधीच विचारून लँडिंग मागून घ्या.

पैशांचं थोडक्यात. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकनच्या तिन्ही रीजनल कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलर केला आणि इतरांनाही दर वाढवावे लागले. महिन्याची हमी ७५ तासांची धरली तर रिझर्व्हवर एकही उड्डाण न होता ६,७५० डॉलर, कर कापण्याआधी.

बाहेरून येणाऱ्याचा हिशोब

रिझर्व्हला एक गुण का दिला, ते इथे. शॉर्ट कॉल पहाटे ४ ला सुरू होत असेल तर आदल्या संध्याकाळीच बेसला पोचावं लागतं, आणि संपतं संध्याकाळी ६ ला, तेव्हा घरी जाणारं शेवटचं सोयीचं विमान बहुधा निघून गेलेलं असतं. चार दिवसांच्या रिझर्व्हला घरचे दीड दिवस जातात. फुकट प्रवास असतो, पण रिकामी सीट असेल तरच. ती नसेल तर कॉकपिटमधली जादा सीट, म्हणजे जंपसीट, तीही बहुतेक रीजनल जेटमध्ये एकच. ज्या कंपनीचं विमान तिच्या वैमानिकांचा हक्क आधी, आणि कॅप्टनची परवानगी प्रत्येक वेळी मागायची. वादळी दिवशी तुम्हीच नव्हे, सगळेच अडकलेले असतात.

करारात अशा ये-जा करणाऱ्यांसाठी कम्यूटर क्लॉज असतो: वेळेत पोचवणारी दोन विमानं धरण्याचा प्रयत्न केला आणि तरी पोचला नाहीत, तर शिस्तभंग होत नाही. पण त्या दिवसाचा पगार सहसा जातो, आणि शॉर्ट कॉलला हा क्लॉज लागू आहे की नाही हे करारात नीट वाचायचं. बऱ्याच ठिकाणी नाही.

मग लागतो क्रॅशपॅड, म्हणजे बेसजवळची भाड्याची, इतर क्रूसोबतची झोपायची जागा. न्यूयॉर्कला त्यासाठी क्वीन्समधलं क्यू गार्डन्स प्रसिद्ध आहे, क्रू गार्डन्स म्हणूनच ओळखतात. हॉट बेड म्हणजे रिकामा मिळेल तो पलंग, स्वतःची चादर आणायची. कोल्ड बेड म्हणजे ठरलेला, तुमचाच. रिझर्व्हवर असाल तर कोल्ड बेडच घ्या. पहाटेच्या रॅपआधी झोप मिळणं ही इथे चैन नाही. घर बघताना पलंग किती, राहणारे किती, खिडकीला काळे पडदे आहेत का, आणि पहाटे ३ वाजता विमानतळापर्यंत काय मिळतं, हे चार प्रश्न विचारा. न्यूयॉर्कच्या बेसला ला ग्वार्डिया, जेएफके आणि नुअर्क यांपैकी एकाहून जास्त विमानतळ जोडलेले असू शकतात. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणी हजर व्हायचं असेल तर मधली टॅक्सी कोण देतो, तेही करारात बघा.

आणि याच न्यूयॉर्कमध्ये मराठी घरांसाठी एक चांगली संधी दडलेली आहे. राहणीमान महाग, वाहतूक कोंडी भयंकर, म्हणून बहुतेक वैमानिक हा बेस टाळतात, तो कनिष्ठ राहतो आणि नव्या माणसाला लवकर मिळतो. शेजारच्या न्यू जर्सीत एडिसन, पार्सिपनी, जर्सी सिटी इथे आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलामुलीला तोच बेस म्हणजे घरापासून गाडीने जायची जागा. इतरांना जो बेस शिक्षा वाटते, तिथे तुम्ही वर्षभरात लाइन धरू शकता. नुअर्क सोपं आहे. एडिसनहून ला ग्वार्डियाला मात्र गर्दीच्या वेळी दोन तास सहज लागतात, आणि शॉर्ट कॉलची मुदतही दोनच तासांची असते. त्या दिवशी रॅप सुरू व्हायच्या आधीच क्वीन्समध्ये पोचून बसावं लागेल.

भारतातून अमेरिकेत प्रशिक्षणाला येणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या कंपन्या सहसा अमेरिकेत काम करण्याचा कायमचा, विनाअट हक्क मागतात. विद्यार्थी व्हिसावर १,५०० तास झाले म्हणून ही यादी तुमच्यासाठी उघडत नाही. ग्रीन कार्ड हातात नसेल तर फी भरण्याआधी याचा विचार व्हावा.

पीबीएसचा निकाल लागल्यावर चूक दाखवायला मोजकेच तास किंवा एखाद-दोन दिवस मिळतात. निकालाच्या दिवशी सगळ्यांत आधी आपल्याहून कनिष्ठ कोणाला आपण मागितलेलं काही मिळालं आहे का ते बघा, मग कारणांचा अहवाल उघडा. दोन्ही जुळत नसतील तर स्क्रीनचा फोटो काढून त्याच दिवशी बिड समितीला पाठवा. मुदत संपल्यावर चूक मान्य झाली तरी महिन्याची लाइन बदलून मिळणं कठीण असतं.